एचआयव्ही संशोधनासाठीच्या देणग्या आणि तरुण शास्त्रज्ञ : पहिला पैसा कोणी द्यायचा?

मृण्मयी_रा (धागाकर्ती)

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, ड्यूक विद्यापीठ आणि स्क्रिप्स संशोधन संस्था येथील एचआयव्ही लशीवरील दोन मोठ्या संशोधनगटांचे अनुदान पुढे चालू ठेवणार नसल्याचे कळवले. त्यानंतर, सरकार मागे सरकले तर धर्मादाय संस्था ती जागा भरून काढतील का, असे बऱ्याच ठिकाणी विचारले जात आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. एनआयएच एचआयव्हीच्या संशोधनावर दर वर्षी सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च करत आली आहे, आणि तेवढा भार वर्षानुवर्षे उचलण्याची ताकद सगळ्या न्यासांची मिळूनही नाही. म्हणून ‘सरकारऐवजी देणगी’ हा विचार बाजूला ठेवावा आणि सरकारी पैशाला सहसा जे जमत नाही असे काय देणगीच्या पैशाने आजवर केले, यावर बोलावे, या हेतूने हा धागा काढत आहे. माझे मत आधीच सांगते. ज्या तरुण संशोधकाकडे दाखवण्यासारखे निष्कर्ष अजून नाहीत, पण चांगला प्रश्न आहे, त्याला काही वर्षे निश्चिंतपणे त्या प्रश्नामागे लागता येईल अशी सोय करून देणे, हे या क्षेत्रातील देणगीचे सर्वांत मोलाचे काम आहे.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅरन डायमंड एड्स संशोधन केंद्राचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. अ‍ॅरन डायमंड यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी आयरीन यांनी न्यासाची सगळी संपत्ती सुमारे दहा वर्षांत वाटून न्यास बंद करायचे ठरवले, आणि १९९६ मध्ये तो खरोखरच बंद झाला, तोवर २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली गेली होती. त्यातून १९९१ मध्ये हे केंद्र उभे राहिले आणि त्याची धुरा डेव्हिड हो या चाळिशीही न गाठलेल्या डॉक्टरकडे सोपवण्यात आली. बाहेरून शांत दिसणाऱ्या वर्षांमध्येही हा विषाणू शरीरात दररोज प्रचंड संख्येने तयार होतो आणि नष्ट होतो, हे पुढे १९९५ मध्ये हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, आणि अनेक औषधे एकत्र देण्यामागचा तर्क त्यामुळे भक्कम झाला. याच केंद्रातील दुसऱ्या काही संशोधकांसमोर वेगळाच प्रश्न होता : वारंवार विषाणूच्या संपर्कात येऊनही काही जणांना लागण का होत नाही? १९९६ मध्ये त्यांनी दाखवले की अशा काही व्यक्तींमध्ये सीसीआर५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत ३२ अक्षरांचा तुकडा गळलेला असतो, त्यामुळे विषाणूला पेशीत शिरायला लागणारे दारच पेशीवर तयार होत नाही.

बर्लिनमधील गेरो ह्युटर या रक्तविकारतज्ज्ञाने २००७ मध्ये, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या टिमथी रे ब्राउन यांच्यासाठी मूळपेशींचा दाता शोधताना, नेमका हा जनुकबदल असलेला दाता निवडला. ह्युटर एचआयव्हीच्या वर्तुळातले नव्हते आणि त्यांच्या निष्कर्षाकडे सुरुवातीला फारसे कोणी लक्ष दिले नाही. एम्फार या धर्मादाय संस्थेने २००८ मध्ये काही निवडक तज्ज्ञांची बैठक बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, आणि २००९ च्या सुरुवातीला तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ब्राउन हे एचआयव्हीमुक्त झालेली पहिली व्यक्ती ठरले. डायमंड न्यासाने केंद्र उभारले तेव्हा यातली एकही गोष्ट कोणत्याही प्रस्तावात लिहून देता आली नसती, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

विश्राम_७

लेख विचार करायला लावणारा आहे, पण एक मूलभूत आक्षेप नोंदवतो. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या आकडेवारीनुसार २०२४ अखेर जगात ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी ३ कोटी १६ लाख लोकांना औषधे मिळत होती. म्हणजे ९० लाखांहून अधिक लोक उपचाराबाहेर होते, आणि त्या एका वर्षात ६ लाख ३० हजार माणसे एड्सशी संबंधित आजारांनी दगावली. ज्या आजारावर परिणामकारक औषधे १९९६ पासून उपलब्ध आहेत, त्यात माणसे मरतात ती बहुतांशी औषध किंवा तपासणी त्यांच्यापर्यंत न पोहोचल्यामुळे. सामान्य दात्याच्या हातात मर्यादित रक्कम असते. ती औषध पोहोचवणाऱ्यांना द्यावी की पंधरा वर्षांनी कदाचित उपयोगी पडेल अशा प्रयोगाला द्यावी, हा नैतिक प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये असे मला वाटते.

डॉ_शर्वरी

विश्राम, आपण मांडलेला प्रश्न आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही पडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी विषाणूच्या शरीरात लपून राहणाऱ्या सुप्त साठ्यावर पोस्टडॉक म्हणून, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक म्हणून, काम करते.

औषधे आयुष्यभर का घ्यावी लागतात, याचे कारण हा साठा आहे. टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींपैकी काहींच्या जनुकद्रव्यात विषाणू स्वतःला विणून घेतो आणि गप्प राहतो. औषधे वाढणाऱ्या विषाणूला अडवतात, पण गप्प बसलेल्याला स्पर्श करत नाहीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट सिलिसियानो यांच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात हा साठा मोजला, आणि त्या कामाचा पहिला मोठा शोधनिबंध लिहिणारा ते-वूक चुन तेव्हा तिथला विद्यार्थी होता. साठा इतक्या संथपणे घटतो की केवळ औषधांवर विसंबून तो संपायला ६० वर्षांहून अधिक काळ लागेल, असा हिशेब त्याच प्रयोगशाळेतून नंतर आला. तेव्हा आज उपचार घेणाऱ्या ३ कोटींहून अधिक लोकांना रोजची गोळी किंवा ठरावीक काळाने इंजेक्शन जन्मभर पुरवत राहण्याची जबाबदारी जगावर आहे, आणि निधी आटला की हीच माणसे पुन्हा धोक्यात येतात. साठा संपवण्याचा मार्ग शोधणे हाही उपचार पोहोचवण्याचाच भाग आहे, असे मी मानते.

आता तरुण संशोधकाच्या अडचणीकडे येते. मोठे सरकारी अनुदान मागताना प्रस्तावात प्राथमिक निष्कर्ष द्यावे लागतात, म्हणजे कल्पना चालेल याचा थोडा तरी पुरावा हवा. तो मिळवण्यासाठी प्रयोग करावे लागतात आणि प्रयोगांसाठी पैसा लागतो. ज्येष्ठ शास्त्रज्ञाकडे चालू अनुदानातली थोडी रक्कम नव्या कल्पनेसाठी वळवायची सोय असते, पण पोस्टडॉककडे स्वतःची अशी एकही रक्कम नसते, आणि मार्गदर्शकाच्या अनुदानात जे लिहिले आहे तेच त्याला करावे लागते. एनआयएचचे पहिले मोठे स्वतंत्र अनुदान मिळण्याचे सरासरी वय १९८० च्या सुमारास ३६ च्या आसपास होते, ते आता ४२ च्या पुढे गेले आहे. माणूस विशीच्या उत्तरार्धात पीएचडी करतो आणि चाळिशी ओलांडल्यावर त्याला स्वतःच्या प्रश्नावर काम करायची मुभा मिळते. मधल्या काळात कितीतरी गुणी लोक क्षेत्र सोडून जातात.

एचआयव्हीच्या बाबतीत खर्चही जास्त असतो. जिवंत विषाणू हाताळायचा तर उच्च जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा लागते. उपचार घेणाऱ्या व्यक्तींच्या रक्तात साठा असलेल्या पेशी दहा लाख विश्रांत टी-पेशींत एखादी, इतक्या विरळ असतात, त्यामुळे एका प्रयोगासाठी बरेच रक्त, स्वेच्छेने ते देणारे लोक आणि ते नीट जपणारी यंत्रणा लागते. शिवाय प्रयोग आठवड्यांनी उत्तर देतात. अशा विषयात वर्षभराचे अनुदान म्हणजे नियुक्ती, परवानग्या आणि खरेदी यांतच संपणारा काळ. एम्फारने आपल्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मॅथिल्डी क्रिम यांच्या नावाने २००८ पासून जी फेलोशिप सुरू केली, ती मूलभूत संशोधन करणाऱ्या नवोदितांसाठीच आहे आणि स्वतंत्र पदाकडे जाणाऱ्यांना हात देण्याचा तिचा हेतू आहे. मला ती मिळालेली नाही, पण ज्यांना मिळाली त्यांच्या बोलण्यातून जाणवते की रकमेइतकेच महत्त्व त्या पैशावर स्वतःचे नाव असण्याला आहे. तोच प्रश्न पुढे स्वतःच्या प्रयोगशाळेत घेऊन जाता येतो.

ओंकार_दे

मृण्मयीताई, शर्वरीताई, दोघींचे लेखन आवडले. एक वेगळा इतिहास जोडतो. १९८६ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या पदव्युत्तर विद्यार्थिनीने प्रबंधाचा विषय म्हणून एचआयव्हीची तपासणी घेतली. भारतात हा विषाणू नाहीच, असा तेव्हा बहुतेकांचा समज होता. नमुने ठेवायला योग्य सोय नसल्याने तिने ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, तपासणीसाठी आगगाडीने वेल्लोरला नेले, आणि त्यातून देशातील पहिल्या लागणी उजेडात आल्या. या कथेचे कौतुक करताना आपण थोडे जपून करावे, असे मला वाटते. तिची जिद्द असामान्य होती यात शंका नाही, पण ज्या व्यवस्थेत इतका महत्त्वाचा शोध एका विद्यार्थिनीच्या घरच्या फ्रिजवर अवलंबून राहतो, त्या व्यवस्थेने तिला काय दिले, असा प्रश्न विचारायलाच हवा. त्या कामानंतर ती स्वतः या क्षेत्रातील संशोधक म्हणून पुढे गेली नाही.

एचआयव्हीचा सर्वाधिक भार आफ्रिकेच्या दक्षिण आणि पूर्व भागावर आहे, आणि तिथल्या तरुण शास्त्रज्ञांसमोर ही अडचण फार तीव्र आहे. प्रशिक्षणासाठी बाहेर गेलेला माणूस परतला तर त्याला प्रयोगशाळा कुठे मिळणार? याचे उत्तर शोधण्याचा चांगला प्रयत्न दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात झाला. अमेरिकेतील हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेने २००९ मध्ये तिथल्या विद्यापीठासोबत क्षयरोग आणि एचआयव्हीसाठी संशोधन संस्था उभारायला घेतली, आणि २०१६ मध्ये ती ब्रिटनमधील वेलकम न्यासाच्या पैशावर चालणाऱ्या आफ्रिका सेंटरमध्ये विलीन होऊन आजची आफ्रिका आरोग्य संशोधन संस्था तयार झाली. मूळचे केनियाचे थुम्बी न्डुंगू यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तिथे आफ्रिकेतल्या आफ्रिकेत पीएचडी आणि पोस्टडॉक करणाऱ्यांची जाळी विणली. डिसेंबर २०२१ मध्ये कोविडच्या ओमिक्रॉन प्रकारावर लशीतून मिळालेले संरक्षण किती कमी पडते याची जगातील पहिल्या काही मोजण्यांपैकी एक याच संस्थेतील अ‍ॅलेक्स सिगल यांच्या प्रयोगशाळेतून आली. एचआयव्ही आणि क्षयरोगासाठी तयार झालेली माणसे आणि सुरक्षित प्रयोगशाळा तिथे आधीपासून होत्या, म्हणूनच ते काही आठवड्यांत शक्य झाले.

अण्णा_हिशेबनीस

मी धर्मादाय न्यासांचे हिशेब पाहण्याचे काम करतो, त्यामुळे चर्चेत एक रुक्ष पण आवश्यक बाजू मांडतो.

दात्यांना नेहमी वाटते की आपला सगळा पैसा थेट संशोधनालाच जावा. अमेरिकेतील अटलांटा येथे सायकलस्वारांचा एक गट दोन दिवसांत दोनशे मैलांची फेरी काढून एमोरी विद्यापीठातील एचआयव्ही लशीच्या संशोधनासाठी पैसे उभे करत आला आहे, आणि आयोजनाचा खर्च वेगळा भागवून जमलेली देणगी संपूर्णपणे संशोधनाला देण्याची त्यांची पद्धत आहे. उपक्रम आदरणीय आहे. परंतु प्रयोगशाळेची वीज, विषाणू हाताळण्याच्या खोलीतील हवेचे गाळणे, प्रशिक्षित तंत्रज्ञ, नीतिसमितीचे काम, हिशेबाची तपासणी हा खर्च कोणीतरी भरतच असतो. अमेरिकेत एनआयएच आपल्या अनुदानावर विद्यापीठांना असा अप्रत्यक्ष खर्च वाटाघाटीने ठरलेल्या दराने देत आली आहे आणि बऱ्याच मोठ्या विद्यापीठांत हा दर ५० टक्क्यांच्या वर होता. गेट्स फाउंडेशन विद्यापीठांना या खात्यावर साधारण १० टक्क्यांपर्यंत देते, आणि काही छोटे न्यास काहीच देत नाहीत.

याचा परिणाम असा की देणगीवर चालणारी फेलोशिप घेणारा तरुण संशोधक श्रीमंत विद्यापीठात असेल तर विद्यापीठ उरलेला खर्च पोटात घेते, आणि लहान संस्थेत असेल तर संस्थेला ती फेलोशिप परवडत नाही. आपण समजतो की शून्य प्रशासकीय खर्च म्हणजे काटकसर, पण प्रत्यक्षात त्यामुळे पैसा पुन्हा जिथे सोयी आहेत तिथेच जातो. ओंकार यांनी सांगितलेल्या संस्थांसारख्या ठिकाणी तरुण माणसे टिकायची असतील, तर दात्यांनी हा खर्च खुल्या मनाने मंजूर केला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

विश्राम_७

शर्वरीताई, आयुष्यभराच्या उपचाराचा आपला युक्तिवाद मला पटला. माझा पहिला आक्षेप मी पूर्ण मागे घेत नाही, पण संशोधन आणि सेवा यांना परस्परांविरुद्ध उभे करणे योग्य नव्हते हे मान्य करतो. केनिया आणि युगांडातील दांपत्यांमध्ये झालेली प्रतिबंधक गोळीची मोठी चाचणी गेट्स फाउंडेशनच्या पैशातून झाली. एका औषधाने ६७ टक्के आणि दोन औषधांच्या गोळीने ७५ टक्के लागण टळते, हे २०११ मध्ये तिथे सिद्ध झाले, आणि त्या निष्कर्षाचा फायदा आज सेवेच्या रूपानेच लोकांपर्यंत जातो.

मात्र आता दुसरी शंका येते, ती एकाच मोठ्या दात्यावर अवलंबून राहण्याची. २००६ मध्ये गेट्स फाउंडेशनने लशीच्या संशोधनासाठी २८ कोटी ७० लाख डॉलरची १६ अनुदाने एकदम जाहीर केली आणि निष्कर्ष एकमेकांना खुले ठेवण्याची अट घातली. अट उत्तम होती, कारण त्याआधी प्रत्येक गट वेगळ्या मोजमापाने काम करत असल्याने तुलनाच होत नसे. परंतु एवढ्या मोठ्या गटात तरुण संशोधकाच्या वाट्याला आखून दिलेल्या योजनेतील एक तुकडा येतो. शिवाय याच फाउंडेशनने मे २०२५ मध्ये जाहीर केले आहे की पुढील २० वर्षांत सुमारे २०० अब्ज डॉलर खर्च करून ३१ डिसेंबर २०४५ रोजी ते काम थांबवणार आहे. आज पीएचडी करणारी व्यक्ती तेव्हा कारकिर्दीच्या ऐन मध्यावर असेल. एका दात्याची आवड बदलली किंवा मुदत संपली तर अख्ख्या पिढीचे काय होईल?

मृण्मयी_रा

विश्राम, मुदत घालून संपत्ती वाटण्याला माझा विरोध नाही. डायमंड न्यासाने तेच केले आणि साथ ऐन भरात असताना पैसा हवा होता तेव्हा तो मिळाला. मात्र न्यास संपला तरी त्या केंद्राला पुढे इतर मार्गांनी अनुदाने मिळत राहिली, कारण तोवर तिथल्या लोकांनी स्वतःची ओळख निर्माण केली होती. तेव्हा मुदत किती आहे यापेक्षा, मुदत संपेपर्यंत किती जण स्वतःच्या पायावर उभे राहिले, हे तपासावे असे मला वाटते.

मोठ्या गटांविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातही अपवाद घडले. विल्यम शीफ या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडे बनवणाऱ्या दुर्मीळ बी-पेशींना टप्प्याटप्प्याने शिकवून विषाणूच्या अनेक प्रकारांना अडवणारी व्यापक प्रतिपिंडे तयार करवून घेण्याची जी कल्पना मांडली, तिच्या पहिल्या मानवी चाचणीत ३६ पैकी ३५ जणांमध्ये अपेक्षित पेशी जाग्या झाल्या. त्या चाचणीमागेही गेट्स फाउंडेशनचा पैसा होता. लस अजून हातात आलेली नाही. तरीही ज्या क्षेत्रात २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मोठी चाचणी, २०२१ मध्ये आफ्रिकेतील स्त्रियांवरील आणि २०२३ मध्ये मोझाइको नावाची आणखी एक चाचणी अपयशी ठरून थांबवावी लागली, त्या क्षेत्रात असा निकाल येणे मला फार मोठी गोष्ट वाटते.

अपयशाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या मते देणगीची खरी परीक्षा तिथे होते. २०१३ मध्ये मिसिसिपीतील एका बाळाची बातमी जगभर गाजली. जन्मानंतर सुमारे ३० तासांतच औषधे सुरू झालेल्या त्या बाळामध्ये औषधे बंद पडल्यावरही विषाणू सापडत नव्हता. डेबोरा पर्सॉड आणि सहकाऱ्यांच्या त्या तपासणीला एम्फारचेही साहाय्य होते. २०१४ मध्ये विषाणू परत आला. अनेकांना तो पराभव वाटला, पण साठा सापडण्याइतका न उरला तरी दोन वर्षांहून अधिक काळ दबा धरून राहू शकतो, हे ज्ञान त्यातूनच आले आणि अगदी लवकर उपचार देण्याच्या पुढील चाचण्या त्यावर उभ्या राहिल्या. तरुण संशोधकाच्या दोन वर्षांच्या फेलोशिपमध्ये असा ‘नकारात्मक’ निकाल आला तर त्याची कारकीर्द तिथेच संपू नये, याची हमी दात्याने द्यायला हवी. निकाल काय आला यापेक्षा प्रश्न किती नीट तपासला, हा मुदतवाढीचा निकष असावा.

एलिझाबेथ ग्लेझर यांचेही स्मरण इथे व्हावे. १९८१ मध्ये बाळंतपणाच्या वेळी चढवलेल्या रक्तातून त्यांना लागण झाली आणि त्यांच्यापासून दोन्ही मुलांना. मुलगी एरियल १९८८ मध्ये गेली. लहान मुलांमधील एड्सवर संशोधन जवळजवळ होतच नाही हे पाहून त्यांनी त्याच वर्षी दोन मैत्रिणींबरोबर संस्था स्थापन केली, आणि त्या संस्थेने तरुण बालरोग संशोधकांना अनेक वर्षांची अनुदाने देऊन या विषयाकडे वळवले. विषयच दुर्लक्षित असेल तेव्हा पैसा आधी माणसे तयार करण्यावर खर्च करावा लागतो, हे त्यांना फार लवकर उमगले होते.

डॉ_शर्वरी

मृण्मयीताई, अपयशाविषयी आपण लिहिलेला प्रत्येक शब्द मला जवळचा वाटला. त्याला एक भर घालते. फेलोशिप मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती संपल्यानंतरचे वर्ष महत्त्वाचे असते. पुढील अनुदानाचा निर्णय यायला अनेक महिने लागतात आणि त्या काळात पगार थांबला तर माणूस संशोधन सोडून जातो, त्याने वाढवलेल्या पेशी आणि जमवलेले नमुनेही वाया जातात. माझ्या परिचयातील एका सहकाऱ्याने याच कारणाने संशोधन सोडले. त्याचा प्रस्ताव नंतर मंजूर झाला, पण तोवर त्याने दुसरी नोकरी पत्करली होती. अशा मधल्या काळासाठी छोटा सेतुनिधी ठेवणारे दाते फार थोडे आहेत, कारण त्यात जाहीर करण्यासारखे काही नसते.

दक्षिण आफ्रिकेत २०२५ मध्ये हीच अडचण देशपातळीवर आली. अमेरिकेची मदत थांबल्याने आफ्रिकेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली सुरू होऊ घातलेली लशीची चाचणी अडली आणि विद्यापीठांतील अनेक संशोधनगटांचे पगार धोक्यात आले. त्यावर गेट्स फाउंडेशन आणि वेलकम न्यास यांनी प्रत्येकी १० कोटी रँड देऊ केले, ते तेथील सरकारने तीन वर्षांत ४० कोटी रँड घालावेत या अटीवर, आणि सरकारने ते मान्य केले. तुटलेल्या रकमेच्या मानाने हे थोडेच होते, पण देणगीने सार्वजनिक पैसा सोबत ओढून आणला हे मला महत्त्वाचे वाटते. विश्राम यांच्या शंकेचे उत्तरही काही अंशी यात आहे. एकटा दाता निघून जातो, पण त्याच्या अटीमुळे सरकारच्या अंदाजपत्रकात शिरलेले खाते सहजी निघत नाही.

सायली_न

मी या विषयातील नाही, पण सगळी चर्चा मन लावून वाचली. माझ्यासारख्या व्यक्तीला लहान रक्कम द्यायची असेल तर ती संशोधनालाच, आणि त्यातही तरुण शास्त्रज्ञांना जाते आहे, हे कसे ओळखावे? आणि एवढ्या मोठ्या आकड्यांपुढे तिचा उपयोग तरी काय?

अण्णा_हिशेबनीस

सायलीताई, पहिली गोष्ट अशी की एड्सच्या नावाने चालणाऱ्या बहुतेक मोठ्या निधींचा पैसा संशोधनाला जात नाही, आणि त्यात काही गैर नाही. गायक एल्टन जॉन यांची संस्था मुख्यतः तपासणी, उपचार आणि भेदभावाविरुद्धच्या कामाला मदत करते, आणि रेड या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंतला वाटा एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा देणाऱ्या ग्लोबल फंडाकडे जातो. संशोधनालाच द्यायचे असेल तर संस्थेच्या वार्षिक अहवालात अनुदान मिळालेल्यांची नावे, विषय आणि मुदत छापलेली आहे का, हे आधी पाहावे. फ्रान्समधील सिदाक्सियोंसारखी संस्था पीएचडी आणि पोस्टडॉक करणाऱ्यांना फेलोशिप देते, म्हणजे पैसा कोणत्या पायरीवरील माणसाला जातो ते कळते. निवड कोण करते, तज्ज्ञांची समिती आहे का, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींना त्या समितीत स्थान आहे का, हेही विचारावे. चांगली संस्था अशा पत्राला उत्तर देते. ‘सर्व पैसा संशोधनाला’ हे वाक्य दिसले तर अप्रत्यक्ष खर्च कोण भरते, तेवढे विचारून घ्यावे.

उपयोगाबद्दल म्हणाल, तर लहान देणगी नियमित असेल तर तिचे मोल वाढते. एकदाच आलेली मोठी रक्कम संस्था सहसा एखाद्या ठरावीक प्रकल्पाला लावते. पण पुढील तीन वर्षे दरमहा किती येणार आहे याचा बऱ्यापैकी अंदाज असेल, तर ती तीन वर्षांच्या फेलोशिपचे वचन आज देऊ शकते. शर्वरीताईंनी सांगितलेल्या मधल्या वर्षासाठी रक्कम राखून ठेवणेही अशाच अंदाजावर अवलंबून असते, तेव्हा शक्य असेल तर देणगीसोबत ‘कोणत्याही कामासाठी वापरावी’ असे लिहून द्यावे.